गप्पीचा टब वारंवार रिकामा होतोय? आधी मेलेले मोजा

मोठ्या माशाच्या खुराकासाठी गप्पी पाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. "गप्पी आणून सोडले, महिना-दीड महिना झकास चाललं, आणि आता टबात चारच उरलेत." मग पुन्हा दुकान, पुन्हा पन्नास मासे, पुन्हा तेच. हा फेरा मी स्वतः तीनदा मारलाय, म्हणून लिहितोय.

आमच्या विश्रामबागच्या घरी एक ऑस्कर आहे, म्हणजे मासे खाणारा मोठा मासा. वितीपेक्षा मोठा, अंगाने भरलेला, काचेजवळ गेलं की धडक मारतो. घरात त्याला पैलवान म्हणतात, आणि सांगलीत पैलवान म्हटला की खुराक आलाच. त्याचा खुराक म्हणजे आठवड्यातून दोनदा पाच-सहा जिवंत गप्पी, इतर दिवशी गोळ्या, सोललेली कोळंबी, पावसाळ्यात बागेतलं एखादं गांडूळ. एकादशीला उपास. हा नियम आईचा. "पंधरा दिवसांतून एकदा तरी त्या राक्षसाच्या हातून हत्या नको," असं तिचं म्हणणं, आणि एखादा दिवस उपाशी राहिलेलं ऑस्करला मानवतंच, त्यामुळे मी वाद घातला नाही.

गप्पी गच्चीवर. चार थर्माकोलची खोकी आणि एक जुन्या फ्रिजचं खोकं, दार काढून उताणं ठेवलेलं. तीनदा टब बसला आणि तिन्ही वेळा मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे औषध ओतलं. निळं ओतलं, पिवळं ओतलं, मीठ टाकलं. पैकी दोनदा रोग नव्हताच, आणि ज्या एका वेळी होता तेव्हा चार दिवसांत बरं दिसलं म्हणून औषध थांबवलं.

आता औषधाला हात लावण्याआधी आठ दिवस फक्त एक काम करतो. रोज सकाळी मेलेले मासे मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहितो. एवढ्यावरून निम्म्याहून जास्त निदान होतं. मासे कमी होतात पण मेलेला एकही सापडत नाही, हा एक प्रकार. एका रात्रीत सगळे उताणे, हा दुसरा. रोज एक-दोन, हा तिसरा. तिघांची कारणं वेगळी, उपाय वेगळे. पहिल्याला तिसऱ्याचं औषध दिलं की पैसे जातात आणि टबही जातो.

मेलेला दिसत नाही, पण मासे उरत नाहीत

दहातले सहा-सात जण यात असतात. मी दोनदा होतो.

सगळ्यात आधी हिशेब. पन्नास गप्पी आणले, आठवड्याला दहा-बारा पैलवानाला घातले, तर पन्नास भागिले बारा, सव्वाचार आठवडे. टब "बसला" म्हणून मी डोकं धरून बसलो होतो, पण तो बसलाच नव्हता, आम्ही तो खाऊन संपवला होता. मध्ये थोडी पिल्लं झाली, तीच ओढून आणखी दोन-तीन आठवडे निघाले. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी विते. लहान मादी दहा-बारा पिल्लं टाकते, चांगली भरलेली तीस-चाळीससुद्धा. त्या पिल्लाला पैलवानाच्या तोंडी लागण्याइतकं व्हायला पुढे दीड-दोन महिने. म्हणजे मासे सोडल्या दिवसापासून घरच्या पैदाशीचा पहिला घास निघायला जवळजवळ तीन महिने लागतात. हे तीन महिने कुणी थांबत नाही. मी तर तीन दिवस थांबलो नव्हतो.

त्यावर दुसरी चूक, आपण काढतो कुठले? जाळी फिरवली की संथ आणि मोठे मासे आधी सापडतात. संथ आणि मोठे म्हणजे पोट फुगलेल्या माद्या. शेपटीजवळ पोटाखाली काळा डाग गडद झालेला असतो, ती आठवडाभरात विणार असते, आणि नेमकी तीच आपण ऑस्करला घालतो. एका घासात तीस मासे गेले म्हणा ना. नर बारीक, रंगीत, चपळ, ते जाळीतून निसटतात आणि शेवटी टबात नुसते नरच फिरत राहतात. "चार उरलेत" म्हणणाऱ्याला विचारा, चारही नर असतात.

उलटं करा. नर ओळखायला सोपा: पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार असतो, मादीचा पंख्यासारखा. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लांत हा फरक दिसू लागतो. जादाचे नर खुराकाला, माद्या पैदाशीला. मादी एकदा नराला भेटली की बीज अंगात साठवून महिनोनमहिने पिल्लं देत राहते, त्यामुळे तीन माद्यांना एक नर पुष्कळ झाला. नर जास्त असले की ते माद्यांच्या मागे लागून त्यांना दमवतात, तोही एक तोटा.

माझी आत्ताची रचना अशी: फ्रिजच्या खोक्यात आठ-दहा माद्या आणि तीन नर. इथून पैलवानाला एकही मासा जात नाही, कितीही गळ घातली तरी. दोन खोक्यांत पिल्लं, एकात तयार होत आलेले. खायला जातो तो शेवटच्या खोक्यातूनच. आठ माद्या महिन्याला सरासरी पंचवीस धरल्या तरी दोनशे पिल्लं. निम्मी गळाली तरी शंभर, आणि पैलवानाला लागतात पन्नास.

निम्मी का गळतात? कारण गप्पी स्वतःची पिल्लं खातो. आईसुद्धा. भुकेली असली तर वितानाच मागे वळून खाते. दुकानात मिळणाऱ्या इवल्याशा ब्रीडिंग डबीत मादीला कोंडणं मला पटत नाही. ती घाबरते, कधी अर्धवट टाकते. भाजीची प्लास्टिकची जाळीदार परडी टबात अर्धी बुडवून तरंगती बांधा, त्यात दोन गाभण माद्या मोकळेपणी राहतात, पिल्लं जाळीतून खाली पडतात. नाहीतर दाट वनस्पती. जलपर्णीच्या मुळांचे झुबके पिल्लांना लपायला फार छान.

आणि त्या जलपर्णीनेच मला दुसऱ्यांदा बुडवलं. हरिपूरच्या बाजूला नदीकाठून चार रोपं आणली, नळाखाली नुसती हिसळली आणि टाकली. ऑक्टोबरचा महिना. पिल्लं रोज कमी. मेलेलं एकही नाही, पाणी स्वच्छ, माद्या ठणठणीत. मला मांजराचा संशय होता. एका रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन खोक्यापाशी उकिडवा बसलो. दहा-पंधरा मिनिटं काही नाही. मग मुळाच्या झुबक्यात, मी ज्याला कुजलेला देठ समजत होतो, तो देठ अर्धा इंच पुढे सरकला. एक पिल्लू त्याच्यासमोरून गेलं. देठाच्या तोंडाखालून घडी घातलेल्या हातासारखं काहीतरी सटकन बाहेर आलं, पिल्लू धरलं आणि परत आत. डोळ्याचं पातं लवायच्या आत. नंतर तो सावकाश चावत बसला.

ती चतुराची अळी. चतुर पाण्यात किंवा पाण्यालगतच्या झाडावर अंडी घालतो, त्याची अळी काही महिने पाण्यातच वाढते आणि खालचा ओठ असा फेकून शिकार करते. त्या खोक्यातून मी अकरा काढल्या. पुढे लक्षात आलं की जलपर्णी न आणताही त्या येतात, कारण पावसाळा सरताना चतुर गच्चीवरच्या उघड्या पाण्यावर येऊन शेपटी टेकवून जातात, आणि आपण त्यांचं कौतुक करत बघत उभे राहतो. तेव्हा टबावर बारीक मच्छरदाणीची जाळी ताणा. नदीची वनस्पती आणायचीच तर पांढऱ्या बादलीवर धरून जोरात झटका, आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, खाली काय हलतं ते बघा, मग टबात. त्या जाळीचा दुसरा फायदा म्हणजे खंड्या अडतो. आमच्या गच्चीवर केबलच्या तारेवर एक बसायचा, मी त्याला आठवडाभर शोभेचा पक्षी समजत होतो.

पावसाळ्यात टब काठोकाठ भरून वाहतो आणि वरच्या थरात फिरणारी पिल्लं पाण्याबरोबर गच्चीच्या पाइपात जातात. काठाखाली चार बोटं भोक पाडा, त्याला आतून कापड बांधा. हिवाळ्यात पिल्लं थांबली तर तो रोग नव्हे. डिसेंबर-जानेवारीत इकडे पहाटे पारा १२-१४ अंशांवर येतो, पाणी २० अंशांच्या खाली राहिलं की गप्पी विणं लांबवतो. थर्माकोलच्या खोक्यावर रात्री झाकण ठेवा, किंवा आठ माद्या घरात घ्या.

एका रात्रीत सगळे

हा रोग नसतो. शंभर मासे एकाच रात्री आजारी पडून मरत नाहीत. पाणी बघा.

पहिला संशय क्लोरीनवर. कृष्णेला गढूळ पाणी आलं की शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवावं लागतं, आणि ते बरोबरच आहे, आपल्याला कावीळ-कॉलरा नको असतो. पण उन्हाळ्यात नळाचं पाणी थेट ओतून खपलं म्हणून जुलैतही खपेल असं नाही. गावाकडे जलसुरक्षक पाण्यातला क्लोरीन बघायला ओटी चाचणी करतो ती पाहिली असेल, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. ते किट स्वस्त असतं, घ्या. पिवळी झाक दिसली तर ते पाणी टबात नाही. उघड्या पिंपात चोवीस तास, शक्यतो उन्हात आणि आत एअर पंपाच्या नळीला लावलेला हवेचा दगड सोडून, मग वापरा. घाई असेल तर अँटी-क्लोरीन. त्यातला मुख्य घटक सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटोवाल्यांचा हायपो. सुट्टे खडे केमिकलच्या दुकानात मिळाले तर १०० लिटरला एक-दोन ग्रॅम भरपूर.

दुसरा संशय रविवारच्या साफसफाईवर. सगळं पाणी काढलं, टब घासला, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन पांढराशुभ्र केला, नवं पाणी भरलं. बायकोने हे केलं तेव्हा मी तिला शाबासकी दिली होती. त्या मळकट स्पंजातच ते जिवाणू राहतात जे माशांच्या शी-शूतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनने ते गेले, आणि नवी वसाहत बसायला चार ते सहा आठवडे. तोवर टबातला अमोनिया कुणी आवरत नाही. स्पंज टबातूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळा, बस. पाणी आठवड्याला पाव भाग बदला, पूर्ण कधीच नाही.

इथे बोअरवाल्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात तर जास्तच. गप्पीला जड पाणी आवडतं, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. पण त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा, बहुधा वरचा, माझ्याकडे आठच्या आसपास. पीएच ७ चा ८ झाला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे बोअरच्या टबात मासे दाटले किंवा खाद्य जास्त पडलं, तर माफी नाही. शिवाय खोल बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. भरल्यावर रात्रभर पंप लावा, मग मासे.

लाईट जाणं हा तिसरा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमच्याकडे पाणी शिरलं नाही, पण लाईट नव्हती आणि नळही नव्हता. काचेच्या टाकीत दाटीने ठेवलेले साठ गप्पी दुसऱ्या सकाळी संपले. गच्चीवरच्या पसरट खोक्यातले, जे पंपाविनाच राहत होते, ते सगळे वाचले. दाटी कमी आणि पाण्याचा पृष्ठभाग मोठा असला की हवा वरूनच मिळते. पैलवानासाठी मात्र मी आणि भाऊ आळीपाळीने दर अर्ध्या तासाने मगाने पाणी उंचावरून ओतत बसलो होतो. तेव्हापासून बॅटरीवरचा एअर पंप घरात आहे. त्या दिवसांत पावसाचं पाणी भरून वापरलं, पण एकट्या पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, पीएच घसरतो. बोअरचं थोडं मिसळा.

आणि फवारणी. तासगावकडच्या एका काकांचे मासे दोनदा असेच गेले. पाणी तपासलं, सगळं ठीक. शेवटी कळलं की टब द्राक्षबागेच्या कडेला, बागेवर औषध मारलं त्या संध्याकाळी वारा घराकडे. कीटकनाशकं तर माशांना जहालच, मोरचूदही सोसत नाही. फवारणी करून आलेल्या हाताने खाद्य टाकणं हाही त्यातलाच प्रकार. शहरात धुराची गाडी येते तेव्हा टब झाका आणि एअर पंप थोडा वेळ बंद करा, कारण तो तीच हवा पाण्यात ढकलतो.

रोज एक-दोन

आता औषधाचा विषय. पण कुठलं, ते मासा हातात घेऊन ठरवा.

अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके आणि मासा दगडाला अंग घासतोय: व्हाईट स्पॉट. हा परजीवी अंगावर असताना कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. गळून खाली पडतो, फुटतो, त्यातून शेकडो सुटे जीव पोहत निघतात, औषध लागू पडतं ते या सुट्या जिवांवर. २५ अंशांच्या आसपास हा फेरा चार-सहा दिवसांचा, थंडीत बराच लांबतो. ठिपके गेले म्हणजे तो अंगावरून उतरला, टबातून गेला नाही. मी नेमका तिथे थांबलो होतो. पाणी ३० अंशांपर्यंत हळूहळू चढवा, लिटरला दोन-तीन ग्रॅम खडे मीठ, हवा जोरात, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. गप्पीला हे मीठ सोसतं, जलपर्णीला नाही, ती बाहेर काढा. हळद टाकू नका. आपल्या गावात मार्केट यार्डापासून जखमेपर्यंत सगळीकडे हळद, म्हणून टबातही टाकणारे मी पाहिलेत. पाणी पिवळं होतं, बाकी काही नाही.

मादी खाते पण वाळत चाललीय, आणि गुदद्वारातून लाल धाग्याची टोकं बाहेर आलीत: कॅमॅलॅनस जंत. त्यावर मीठ, निळं औषध, काही चालत नाही. लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल लागतं, जनावरांच्या औषधांच्या दुकानात असतं. मात्रा पशुवैद्याला विचारूनच, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा.

पाठ वाकडी, पोट खपाटीला, अंगावर जखम: माशांचा क्षय असू शकतो. तो मासा पैलवानाला अजिबात नाही. "नाहीतरी मरणारच आहे, तर खाऊ दे," हा विचार मीही केलाय, पण आजारी गप्पी गिळला की आजारही गिळला. हाताला कापलं असेल तर अशा टबात हातमोजे घालूनच हात घाला, तो जंतू माणसाच्या कातडीवर गाठी आणतो.

ही सगळी दुखणी एकाच दाराने येतात: दुकानातून आणलेली पिशवी. दहा रुपयांचे मिक्स गप्पी दाटीच्या टाकीतून येतात. आणले की तीन-चार आठवडे वेगळ्या खोक्यात, वेगळी जाळी, वेगळा मग. पिशवीतलं पाणी टबात ओतायचं नाही. पैदाशीला तर लांब शेपटीचे भारी गप्पी घेऊच नका. गावाकडच्या हौदात, गुरांच्या पाण्यात असतात ते साधे राखाडी गप्पी काटक. वर्षातून एकदा दुसऱ्याशी दोन नरांची अदलाबदल करा, म्हणजे वंश खचत नाही.

गप्पीचा कंटाळा येऊन पुष्कळ जण छोटे गोल्डफिश घालू लागतात, स्वस्त पडतात म्हणून. नका घालू. गोल्डफिशसकट कार्प कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. ऑस्कर महिनोनमहिने त्यावरच राहिला की अशक्त होतो. गप्पी-मोलीत ती अडचण नाही. आणि खुराकाला घालण्याच्या आदल्या दिवशी गप्पीला पोटभर चांगलं खाद्य द्या, उपाशी गप्पी म्हणजे रिकामी पुडी.

टब रोगाने गेला असेल तर सगळं ओता (गटारात नाही, नदीत तर नाहीच, झाडांना घाला), खोकं आणि जाळी आठवडाभर कडक उन्हात वाळवा. मग आठ माद्या, तीन नर, आणि कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला गोल. तोवर पैलवान गोळ्यांवर. पहिले चार दिवस तो गोळी तोंडात घेऊन थुंकेल, कोपऱ्यात आडवा पडून मरायला टेकल्याचं सोंग करेल. मोठा धडधाकट ऑस्कर आठवडाभर न खाता सहज राहतो. पाचव्या-सहाव्या दिवशी खातो. फक्त त्या दिवसांत घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर लक्ष ठेवा. आमची आई तिसऱ्याच दिवशी "वाळलं गं बाई लेकरू" म्हणत पदराआड चपातीचा तुकडा घेऊन टाकीपाशी सापडली होती.